दोष ताण्यात की बाण्यात?

‘हे कोडं आइन्स्टाइननं लहानपणी रचलं. जगातल्या फक्त 2 टक्के लोकांना सुटतं!’ व्हॉट्सअ‍ॅपवर हे ज्याला आलं नाही असा माणूस विरळाच. पाच रंगांची पाच घरं, पाच देशांचे रहिवासी, त्यांची पेयं, सिगारेटी, पाळीव प्राणी. आणि शेवटी प्रश्न, झेब्रा कुणाचा? या 2 टक्क्यांना कसलाही आधार नाही. कोडं छापून आलं 17 डिसेंबर 1962च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’मध्ये. त्यातली एक सिगारेट आहे ‘कूल’. तो ब्रँड बाजारात आला 1933 साली, आणि आइन्स्टाइनचा जन्म 1879चा. म्हणजे निदान या रूपातलं कोडं त्याच्या लहानपणचं असूच शकत नाही. 54 व्या वर्षी कुणी लहान नसतं. हे ठरवायला अफाट बुद्ध्यंक लागला नाही, दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या की झालं.

तर्क हे हुशार, शिकलेल्यांचं काम, हा दुसरा समज. तो घेऊन सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जावं. मागांच्या खडखडाटात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, चादर उजेडात धरतो. दोष उभा, लांबीभर एकाच जागी असेल तर तो आधी ताण्याकडे, म्हणजे उभ्या धाग्यांकडे, बघतो. रुंदीत आडवा गेला असेल तर बाण्याकडे, म्हणजे आडव्या धाग्यांकडे. नक्षीसाठी धागे निवडून उचलणाऱ्या जकार्डवर विणलेल्या चादरीत हे आणखी रंगतं. समजा, रुंदीत तेच फूल चार वेळा येतं आणि एका पाकळीतला धागा उचललाच जात नाही. चारही फुलांत तीच चूक असेल तर चौघांना सामाईक असलेला भाग बघायचा: वरचा हूक किंवा नक्षीचं कार्ड. एकाच फुलात असेल तर हूक आणि कार्ड दोन्ही सुटले, कारण तेच बाकीच्या तीन फुलांत नीट काम करताहेत. मग खाली त्या फुलाच्या दोऱ्या तपासायच्या. चारही फुलांत आहे, पण एकाच आडव्या ओळीत? तर संशय त्या ओळीच्या कार्डावर. प्रत्येक प्रश्नाला संशयितांची यादी घटते. पाच घरांच्या कोड्यात तक्ता आखून फुल्या मारतात ते हेच. आता पुष्कळ ठिकाणी कार्डांच्या जागी संगणकातली फाइल आली, फुल्या मारण्याची रीत तीच राहिली.

इथे शेरलॉक होम्सच्या चाहत्यांसाठी एक पुस्ती. अशक्य ते वगळलं की उरेल ते सत्य, ही युक्ती चालते ती यादी पुरी असेल तरच. कोड्यात ती पुरी असते, कोडं रचणाऱ्यानं घरं पाचच ठेवलेली असतात. मागावर तशी हमी नाही. सूतच खराब आलं असेल तर सगळे हूक निर्दोष सुटूनही चादर बिघडलेलीच. म्हणून जॉबरचा निष्कर्ष दांडगा अंदाज असतो, दुरुस्ती करून बघेपर्यंत. होम्सचे बहुतेक निष्कर्षही त्याच जातीचे. कथेत ते सहसा चुकत नाहीत, एवढाच फरक.

‘समजा असं असेल तर’ म्हणणं म्हणजे ठोकताळा, हाही एक गैरसमज. सुडोकूत एखाद्या घरात 5 किंवा 8च बसतो. 5 धरून पुढे गेलो आणि एकाच ओळीत दोन 3 आले, तर 8 सिद्ध झाला. शाळेच्या भूमितीतली अप्रत्यक्ष सिद्धता ती हीच. 5 धरून चालला म्हणून तोच बरोबर मानणं, हा मात्र ठोकताळा. आणि सुडोकूला गणित लागत नाही. अंकांऐवजी नऊ भाज्यांची चित्रं काढली तरी कोडं तेच.

आता खरी मेख, पुन्हा कारखान्यातलीच. गठ्ठ्याच्या एका बाजूला माल कुठे जायचा त्याची चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला तपासणीच्या शिक्क्याची जागा. नियम: निर्यातीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर शिक्का हवाच. चार गठ्ठ्यांची एकेकच बाजू दिसते. पहिल्यावर ‘निर्यात’, दुसऱ्यावर ‘स्थानिक’, तिसऱ्यावर शिक्का, चौथ्याची शिक्क्याची जागा कोरी. नियम मोडलाय का हे कळायला कोणते फिरवाल?

पहिला आणि चौथा. पहिल्यावर शिक्का नसला किंवा चौथा निर्यातीचा निघाला, तर नियम मोडला. तिसरा फिरवून काही मिळत नाही. स्थानिक मालावर शिक्का मारू नये असं नियम कुठे म्हणतो? मानसशास्त्रज्ञ पीटर वेसननं 1966 साली हाच प्रश्न अक्षर-अंकांच्या पत्त्यांवर घातला. एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक हवा, असा नियम. अशा प्रयोगांत सुशिक्षितांपैकीही जेमतेम दहातला एक बरोबर येतो. पुढे 1982 साली फ्लोरिडात दुसऱ्या संशोधकांनी तोच सांगाडा बिअर आणि वयाच्या नियमात घातला, तर सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी बरोबर निघाले. तर्क तसूभर बदलला नव्हता, विषय ओळखीचा झाला होता.

मग कोडी सोडवून बुद्धी सगळीकडेच तल्लख होते का? 2010 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात 11,430 जणांनी सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला ते त्यांना जास्त चांगले येऊ लागले. ज्यांचा केला नव्हता, त्यांत तो फायदा उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा पोलीस भरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करणाऱ्यानं जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसावं. सुडोकू चहाबरोबर ठीक आहे.