आडव्या रेघांनी खरंच जाड दिसतं का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, जे आज इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवलाय. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ तेवढे काढलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय आहे रेघ. कपड्यातली रेघ. रेघ म्हटलं की आपल्याला पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट आठवतो. पण एक काम करा, अंगातला शर्ट किंवा कुर्ता जरा बघा. अगदी प्लेन असला तरी चालेल. खांद्याची शिवण, बाहीचा जोड, बटणपट्टी, खिशाची कड, गळा आणि शेवटी कपडा जिथं संपतो ती किनार. या सगळ्या रेघाच आहेत. आपली नजर रेघ दिसली की तिच्या मागे जाते आणि रेघ संपली की तिथं थांबते. कपडे डिझाइन करणारा माणूस या सवयीवरच खेळतो. नजर कुठून कुठं न्यायची आणि कुठं थांबवायची, हे तो ठरवतो.

आता तो जुना सल्ला. ‘तू आडव्या रेघा घालू नकोस, जाड दिसशील.’ घरी, दुकानात, ट्रायल रूमच्या बाहेर, हे कुणीतरी ऐकवतंच. पण हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६० च्या दशकातच याच्या उलट लिहून ठेवलंय. दोन सारखेच चौकोन घ्या. एकात उभ्या रेघा भरा, दुसऱ्यात आडव्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद वाटतो, उभ्या रेघांचा रुंद! भरलेली जागा रिकाम्या जागेपेक्षा लांब वाटते, म्हणून असं होतं. आडव्या रेघा एकावर एक रचल्या की नजरेला खालून वर पायऱ्या मिळतात. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच कपडे घातलेल्या आकृत्यांवर तपासलं, आणि आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो या समजुतीला आधार मिळाला नाही.

पण थांबा, लगेच खरेदीला पळू नका. चौकोन सपाट असतो, आपण नसतो. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा आठवतायत? डोंगराचा उंचवटा कागदावर दाखवायला काढतात त्या. घट्ट टी-शर्टवरच्या आडव्या रेघा तेच करतात. पोटावर, छातीवर त्या वाकतात आणि सगळा नकाशा उघड करतात. म्हणजे दोष रेघेचा नसतो, घट्टपणाचा असतो. तोच टी-शर्ट एक साइज सैल घेतला की रेघा सरळ पडतात आणि विषय संपतो. फ्रेंच खलाशांचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बनियन १८५८ मध्ये त्यांच्या नौदलाच्या गणवेशात आला. पुढं कोको शनेलनं तो फॅशनमध्ये आणला. आजही तो विकला जातो आणि सगळ्या बांध्यांची माणसं तो घालतात.

अजून एक फरक लक्षात ठेवा. अनेक आडव्या रेघा वेगळ्या आणि एकच ठळक आडवी रेघ वेगळी. एकटी रेघ शरीराचे दोन तुकडे करते. पांढरा शर्ट, काळी पँट, मध्ये रुंद पट्टा, की झाली उंचीची वाटणी. कुर्ती नेमकी मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर संपली तर नजर तिथंच अडकते. चार बोटं वर किंवा खाली नेली की चित्र बदलतं. मला विचाराल तर कुर्तीच्या रंगापेक्षा तिची लांबी आधी ठरवावी.

आता माझा आवडता भाग, साडी. सहावारीत तिन्ही दिशांच्या रेघा एकत्र येतात. खाली घोळाला काठाची आडवी रेघ, समोर निऱ्यांच्या उभ्या रेघा आणि छातीवरून खांद्याकडे चढणारी पदराची तिरकी रेघ. एकही शिवण नाही आणि तरी सगळं रेघांनी बांधलेलं! नऊवारीत तर तोच काठ काष्ट्याबरोबर पायांच्या मागून वर कमरेकडे चढतो. सहावारीत पायाशी आडवा पडणारा काठ तिथं उभा होतो.

यावरून आठवलं, एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आलीय. उंची पाच फुटांच्या आत. आजीची पैठणी मिळालीय, हातभर नाही पण चांगला रुंद काठ आहे. घरातले म्हणतायत, भावाच्या लग्नात नेसशील तर बुटकी दिसशील, काठ कापून बारीक करून घे. काय करू?

कापू नकोस गं! एकदा कात्री लागली की तो काठ परत येणार नाही. रुंद काठ खालून उंची खातो हे खरं आहे, पण तो किती दिसू द्यायचा हे नेसणं ठरवतं. पदर मोकळा न सोडता त्याच्या अरुंद निऱ्या घालून खांद्याला पिन लाव. मग पुढून काठाचा थोडाच भाग दिसेल आणि तो तिरका वर जाईल. ब्लाऊज काठाच्या नाही, साडीच्या अंगाच्या रंगाचा शिव, म्हणजे कमरेशी आणखी एक तुकडा पडणार नाही. ज्या चपला लग्नात घालणार आहेस त्या घालूनच नेस. काठ जमिनीला टेकला पाहिजे, घोट्याच्या वर लटकला की उंची आणखी कमी वाटते.

ब्लाऊजवरून टेलरशी बोलताना दोन शब्द कामी येतील. पहिला, प्रिन्सेस कट. यात खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून कमरेपर्यंत एक सलग शिवण जाते आणि छातीचा आकार त्या शिवणीतच घेतला जातो, वेगळे टक्स लागत नाहीत. उभी, न तुटणारी रेघ. १८७० च्या दशकात पॅरिसच्या चार्ल्स वर्थनं ही पद्धत रूढ केली असं मानतात, आणि राजकन्या अलेक्झांड्रावरून तिला नाव पडलं. मात्र खणाचा ब्लाऊज शिवणार असाल तर मी टक्सच घ्या म्हणेन. प्रिन्सेस कटमध्ये खणाच्या बुट्ट्यांच्या ओळी ऐन मध्यात तुटतात.

दुसरा शब्द उरेब. कापड धाग्याच्या तिरक्या दिशेनं कापलं की ते थोडं ताणलं जातं आणि अंगावरून ओघळतं. मॅडलिन व्हिओने हिनं १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये अख्खे ड्रेस असे कापले. आपल्याकडे गळ्याला लावायची उरेब पट्टी याच कारणानं चुण्या न पडता वळते. एक सांगून ठेवते, उरेब कापायला कापड जास्त लागतं, मोजूनमापून आणलेलं पुरत नाही.

रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट ऑनलाइन घेताय? फोटो मोठा करून खिसा बघा. खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांशी जुळतायत का? बाजूच्या शिवणीवर जुळतायत का? जुळवायला कापड वाया जातं, वेळ जातो, म्हणून स्वस्तात शिवणारे पहिलं हेच सोडतात. आणि व्हिडिओ इंटरव्ह्यू असेल त्या दिवशी अगदी बारीक, दाट रेघांचा शर्ट नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्या रेघा लाटांसारख्या हलताना दिसतात, आणि समोरचा माणूस तुमचं उत्तर सोडून शर्टाकडेच बघत बसतो.