३ए की ३बी

डाव्या पडद्यावर अमेरिकेतल्या एका क्लिनिकचा चार्ट, उजव्या पडद्यावर एन्कोडर, म्हणजे कोड सुचवणारं सॉफ्टवेअर. ऐरोलीत बसून मी परक्या माणसांची दुखणी वाचते आणि त्यांचे कोड लावते. त्या कोडवरून तिकडचं बिल बनतं आणि विमा कंपनीकडे जातं.

त्याने चार्ट माझ्याआधी वाचलेला असतो. ओळखलेले शब्द पिवळे, शेजारी सुचवलेले कोड. आजचा पहिलाच मी खोडला : न्यूमोनिया. डॉक्टरांनी ‘न्यूमोनियाची शंका’ एवढंच लिहिलंय. ओपीडीच्या चार्टमध्ये शंकेला कोड लावायचा नसतो; खोकला आणि ताप, एवढंच लावायचं. पिवळा रंग शब्दाला लागतो, मागच्यापुढच्या वाक्याला नाही. घाईत ‘स्वीकारा’ दाबलं असतं, तर न झालेला आजार या चार्टमधल्या बाईंच्या नावावर चढला असता. क्लेम नाकारला जाण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

पुढे मात्र एन्कोडर चोख निघाला. बाईंना टाइप २ मधुमेह आहे आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकारही. डॉक्टरांनी वेगळं कारण दिलेलं नसेल, तर आयसीडी-१० या आजारांच्या कोडसूचीचे नियम या दोहोंचा संबंध धरूनच चालतात. दोहोंचा एकत्रित कोड ई११.२२ टाकला तशी त्याने लगेच आठवण केली : विकाराच्या टप्प्याचा कोडही हवा. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेने आयसीडी-१० स्वीकारली, तेव्हा निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेले. प्रत्येकाची जोडी कुणाच्या लक्षात राहणार?

डॉक्टरांनी ‘टप्पा ३’ लिहिलंय. २०२०च्या ऑक्टोबरपासून या टप्प्याचे ३ए आणि ३बी असे वेगळे कोड आहेत. लॅब रिपोर्टमध्ये ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३८, म्हणजे आकडा ३बीकडे बोट दाखवतो. मला तो दिसतो, पण त्यावरून कोड लावायचा अधिकार मला नाही. निदान डॉक्टरांनीच लिहायला हवं. मोघम एन१८.३० लावून चार्ट पुढे सरकवता आला असता. तासाला किती चार्ट झाले हे मोजलं जातं, त्यामुळे मोह होतोच.

मी डॉक्टरांना क्वेरी लिहिली. तिच्यात उत्तर सुचवायचं नसतं. ईजीएफआरचा आकडा दिला आणि खाली पर्याय : ३ए, ३बी, अन्य, सांगता येत नाही. चार्ट होल्डवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नोंदीला पुरवणी जोडली होती : ३बी. मग मी एन१८.३२ टाकला.