‘बिल्ड सक्सेस’ आलं, तरी वेबसाइट का अडते?

समजा, तोरणमाळच्या एका विद्यार्थ्याने रेंज शोधत शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरला. ‘सबमिट’ दाबलं आणि स्क्रीनवर आलं: एरर 500. दोष नेटवर्कचा नाही, हा एरर सर्व्हरकडून येतो. साइट जावामध्ये बनवलेली असेल, तर आत लायब्रऱ्यांचं भांडण असू शकतं.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड. तो ‘जार’ फाइलमध्ये येतो आणि सोबत स्वतःला लागणाऱ्या आणखी लायब्रऱ्या आणतो. मग एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोरासमोर येतात. मेव्हन हे साधन त्यातली एकच ठेवतं: तुमच्या प्रोजेक्टपासून कमी पायऱ्यांवर असलेली. ती नवीच असेल, असं नाही!

कंपाइलर तपासतो तुमचा कोड. तयार जार मात्र तिच्या लेखकाने भलत्याच आवृत्तीवर कंपाइल केलेली असू शकते, आणि ती पुन्हा तपासली जात नाही. त्यामुळे साइट सुरू होते, पानं उघडतात. नसलेली मेथड लागते ती नेमकी ‘सबमिट’च्या वेळी, आणि तेव्हा ‘नोसचमेथडएरर’ येतो. ते बटण टेस्टिंगमध्ये कुणी दाबलंच नसेल, तर चूक कळणार कशी?

मेव्हनच्या ‘डिपेंडन्सी ट्री’मध्ये कोणती आवृत्ती कुणी आणली ते दिसतं. हवी ती ‘पॉम’ फाइलमध्ये पक्की करा. सर्व्हलेट एपीआय टॉमकॅट स्वतःच पुरवतं, म्हणून तिथे ‘प्रोव्हायडेड’ लिहा. टॉमकॅट 9 वरून 10 वर जाताना मात्र एवढ्याने भागत नाही. सर्व्हलेट पॅकेजच्या नावातलं ‘जावाएक्स’ जाऊन तिथे ‘जकार्ता’ आलंय. कोडमधली नावं बदला, नाहीतर टॉमकॅटचं मायग्रेशन टूल वापरा.