मण्यारीचे विष आणि स्नायुपेशींवरील ग्राहीपुंज : एक विवेचन

प्रस्तावना
कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीच्या दंशाचा धोका असतो. हा दंश बहुधा वेदनारहित असून सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, गिळणे अवघड होते व अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. या घटनेची मीमांसा चेता व स्नायू यांच्या संधिस्थानी सापडते.

ग्राहीपुंजाचे स्वरूप
चेतातंतूच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलिन स्नायुपटलावरील ग्राही प्रथिने स्वीकारतात व स्नायू आकुंचन पावतो. संधिस्थानी हे ग्राही दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे १०,००० इतक्या दाटीने एकवटलेले असतात. १९६३ साली तैवानमध्ये चांग व ली यांनी तेथील मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. ते ग्राहींना घट्ट चिकटते. म्हणून त्यास चमकणारे रंगद्रव्य जोडल्यास सूक्ष्मदर्शकाखाली पुंज दिसू लागतात.

पृथक्करणाची पद्धती
उंदराच्या स्नायुपेशी काचेवर वाढविल्यास त्या परस्परांत मिसळून तंतू बनतात. चेतातंतू नसतानाही, पटल जेथे काचेला चिकटते तेथे ग्राहीपुंज निर्माण होतात. रिठ्याला फेस आणणारी द्रव्ये ज्या वर्गातील, त्या सॅपोनिनच्या सौम्य द्रावणाने पटलातील कोलेस्टेरॉलवर क्रिया होते. पेशीचा बहुतेक भाग सुटून जातो. पुंज मात्र काचेवर उरतात. १९८० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीमुळे पुंजातील सहचारी प्रथिनांचा अभ्यास सुकर झाला. त्यांपैकी रॅप्सिन नसलेल्या उंदरांत पुंज तयारच होत नाहीत, हे १९९५ साली सिद्ध झाले.

निष्कर्ष
अल्फा-विष ग्राही अडविते, तर बीटा-विष चेतातंतूचे टोकच उद्ध्वस्त करते. आपल्याकडील मण्यारीच्या दंशात दुसऱ्या प्रकारच्या विषाचा परिणाम प्रमुख असतो. ग्राही मोकळे असले तरी संदेशच पोहोचत नाही. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते. उद्ध्वस्त टोक मात्र दुरुस्त करीत नाही. ते पुन्हा कार्यक्षम होण्यास अनेक दिवस लागतात व तोवर कृत्रिम श्वसन हाच आधार असतो. म्हणूनच वेदना नसली तरी दंशाची शंका येताच रुग्णालय गाठणे अत्यावश्यक ठरते. या परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत ही कारणमीमांसा पोहोचविणे हे विज्ञानाच्या अध्यापकांचे कर्तव्य होय.