एका चमच्यातील लेव्होडोपा



संत तुकाराम नगरातील माझ्या चिकित्सालयात कंपवाताचे एक वयोवृद्ध रुग्ण येत असत. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मज्जाविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतानाच मी त्यांना कवचबीज चूर्ण दिले. तीन आठवडे उत्तम गेले. पुढे मान व हात आपोआप वळवळू लागले. त्या तज्ज्ञांचा दूरध्वनी आला. न रागावता त्यांनी एवढेच विचारले, "वैद्यराज, आपल्या एका चमच्यात लेव्होडोपा किती मिलिग्रॅम?" मला उत्तर देता आले नाही. चूर्ण थांबविले, हालचाली ओसरल्या, प्रश्न राहिला.

खरे तर हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. कवचबीजातून लेव्होडोपा वेगळा काढल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. सर्पगंधेची कथा तर अधिक बोलकी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन निघाले. तेच रेसरपिन देऊन स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना निश्चेष्ट केले आणि डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. साल १९५७. त्या संशोधनातून मेंदूतील डोपामिनचे कार्य उलगडले आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. द्रव्ये आपली, प्रश्न विचारणारे दुसरे! २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ३० ग्रॅम कवचबीज-कल्पाचा गुण सरासरी ३४.६ मिनिटांत दिसला, प्रचलित गोळीचा ६८.५ मिनिटांत. संख्या लहान आहे, म्हणून त्यावरून जाहिरात करू नये. परंतु हा फरक का पडला, हे शोधण्याचे काम शोधनसंस्कार जाणणाऱ्या वैद्याचे नव्हे काय?

याच विचाराने मेंदूविज्ञानातील आंतरविद्याशाखीय पीएच.डी.ची चौकशी चालविली आहे. पाषाणची आयसर, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचे निमहान्स ही नावे आपणांस ठाऊक असतीलच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा. बी.ए.एम.एस. पदवीवर थेट प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक संस्थेकडून लेखी खुलासा घ्यावा. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून मासिक ३७,००० रुपये झाली खरी, परंतु तिला वयोमर्यादा आहे; चाळिशी ओलांडलेल्याने चिकित्सालयाचे भाडे आणि मुलांचे शुल्क यांचा हिशेब आधी मांडावा. आमच्या घरी तो तीन वेळा मांडला गेला, तिन्ही वेळा निरनिराळा आला.

याहून मोठी अडचण आपल्या भाषेची. 'वात म्हणजे मज्जासंस्था' हे समीकरण व्याख्यानात टाळ्या घेते, प्रयोगशाळेत टिकत नाही. आणि शास्त्रालाही ते धरून नाही. संख्याशास्त्र तर मला नव्याने, मुलीच्या अकरावीच्या पुस्तकापासून शिकावे लागत आहे.

म्हणून प्रश्न लहान ठेवला आहे. बीजात लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के धरला, तर ५ ग्रॅमच्या चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम येतो. गोळीतील कार्बिडोपामुळे तोही अधिक प्रमाणात मेंदूपर्यंत पोहोचतो. माझ्या रुग्णाचे बहुधा हेच झाले. दुधात स्वेदन केल्याने हे प्रमाण किती बदलते? साल काढल्याने? चाकणच्या बाजूच्या आणि कोकणातल्या बीजांत किती तफावत?

औषधनिर्मात्या बंधूंना यासाठीच विनंती आहे. आपल्या कवचबीज चूर्णाच्या प्रत्येक घाण्यातील ५० ग्रॅम नमुना, बीज कोठून घेतले, कोणत्या महिन्यात, शोधन केले की नाही, या नोंदीसह जपून ठेवावा. शोधन केले नसेल तर तसेच लिहावे, संकोच करू नये. प्रवेश मिळो वा न मिळो, ते नमुने तपासणीस देण्याचे मी ठरविले आहे, खर्च माझा.