संध्याकाळी सात वाजताची शपथ

दरवर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, हात वर होतात. शाळांच्या मैदानांवर, पोलीस ठाण्यांच्या आवारात, कारखान्यांच्या गेटवर. 'मी आयुष्यात कधीही नशा करणार नाही' या वाक्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्या फोटोतल्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने अजून सुरुवातच केलेली नाही, त्याला शपथ उपयोगी पडू शकते. मला काळजी आहे ती दुसऱ्या माणसांची. सकाळी चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो, आणि तरीही घरचे त्यांना देवासमोर उभं करून तोच हात वर करायला लावतात.

माझे मामा सुरतेला लिंबायतमध्ये राहतात. अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने आलेल्या हजारो खानदेशी माणसांपैकी एक. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. मामांची व्यसनं दोन. दिवसा मावा आणि संध्याकाळी पोटली. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. पोटली म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली देशी, आणि ती कुठे मिळते हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत असतं.

मावा करताना मी त्यांना लहानपणी तासन्‌तास पाहिलं आहे. पानाच्या गल्ल्यावरून चौकोनी प्लास्टिकमध्ये कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं पाणी बांधून मिळतं. मामा ती पुडी दोन तळव्यांत धरून चोळायचे. आधी सुपारी करकर वाजायची, मग आवाज मऊ व्हायचा, मग थांबायचा. 'गरम झाला,' असं म्हणून ते रबर सोडायचे. या चोळण्यात त्यांची बोटं इतकी तरबेज होती, की बोलता बोलता, हिशेब करता करता, भांडता भांडतासुद्धा पुडी फिरत राहायची. पुढे डॉक्टरांनी तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवायला सांगितलं, तेव्हा दोनच गेली. सुपारी 2004 सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे, तीही तंबाखूशिवाय, एकटी. माव्यात दोन्ही असतात आणि दोन्हींची सवय लागते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या दर 100 माणसांमागे गुजरातेत सुमारे 25 आणि महाराष्ट्रात सुमारे 27 जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. गुटखाबंदी तेव्हा दोन्ही राज्यांत चार वर्षांची झाली होती.

मामींनी मामांना वणीच्या गडावर नेऊन शपथ घ्यायला लावली. एकदा नाही, तीनदा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली वेगळी. प्रत्येक वेळी मामा खरं बोलत होते. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण व्यसनी माणसाच्या घरात सगळ्यात खोल जखम 'तो खोटं बोलला' याची असते. सकाळी अकरा वाजता, गडावर, पोट भरलेलं, बायको-मुलं शेजारी, असा माणूस 'पुन्हा नाही' म्हणतो ते मनापासूनच. पण सात वाजता पाळी सुटते, अंगात रंगाचा आणि वाफेचा वास भरलेला असतो, पाय दुखतात, रस्त्यात तोच गल्ला आणि तीच मित्रमंडळी. त्या सात वाजताच्या माणसाला सकाळच्या माणसाने काय कबूल केलं ते आठवतं. त्याला फक्त ते पेलत नाही.

इच्छाशक्तीबद्दल आपण फार ढिसाळ बोलतो. 1998 साली अमेरिकेत रॉय बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. काही जणांना ताज्या भाजलेल्या बिस्किटांच्या घमघमाटात बसवून फक्त मुळे खायला दिले, मग एक न सुटणारं कोडं सोडवायला लावलं. ज्यांनी बिस्किटांचा मोह आवरला होता, त्यांनी कोडं लवकर सोडून दिलं. म्हणजे इच्छाशक्ती स्नायूसारखी दमते, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आली. 2016 मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून त्याच कल्पनेची पुन्हा तपासणी केली. परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. मला जास्त पटतं ते जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम. माणसांना दिवसभर मध्येच गाठून 'आत्ता कसला मोह होतोय का' असं त्यांनी विचारलं. ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता, ते मोहाशी जास्त झुंजत होते असं नाही, त्यांना मोह व्हायचेच कमी. त्यांचा दिवसच असा लागलेला असायचा की बिस्किटांच्या खोलीत जायची वेळ येऊ नये.

व्यसनाच्या आजारात तर हे दुपटीने खरं. डोपामीन हे रसायन मेंदूला 'हे महत्त्वाचं, हे लक्षात ठेव' असं शिकवतं. दारू, तंबाखू, गर्द हे पदार्थ तो धडा इतक्या जोरात गिरवून घेतात, की पुढे पदार्थ समोर नसतानाही नुसती खूण पुरते. ठरावीक वळण, ठरावीक मित्राची हाक, पगाराचा दिवस, प्लास्टिकची चुरचुर. तलफ उठते तेव्हा माणूस विचार करून तिच्याकडे जात नाही, ती आधी येते आणि विचार मागून. 'मनावर घे' हा सल्ला नेमका त्याच मनाला दिलेला असतो, जे आजारी आहे.

मग सुटतात ती माणसं कशाने सुटतात? व्हिएतनाम युद्धातली गोष्ट या विषयात सगळे सांगतात, मीही सांगतो. 1971 च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग घेतला, तर तिथे व्यसनी झालेल्या दर शंभरांतले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण पाचच. परतीच्या प्रवासात कुणाची इच्छाशक्ती वाढली नव्हती. जागा बदलली होती, सोबत बदलली होती, आणि हेरॉइन हाताशी नव्हतं.

आपल्याकडे जागेचा हा खेळ पाहायचा तर ताप्ती लाइनवरच्या नवापूर स्टेशनावर उतरावं. राज्यांची हद्द स्टेशनातूनच जाते, बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांचा मूळ कायदा. 1 मे 1960 नंतर महाराष्ट्राने तो परवान्यांनी सैल केला, गुजरातेने धरून ठेवला. त्यामुळे बाकाच्या एका टोकाला राजरोस दुकान, दुसऱ्या टोकाला गुन्हा. दारूबंदीचं सरसकट गुणगान मी करणार नाही. 2009 ला अहमदाबादेत आणि 2022 च्या जुलैत बोटादकडे लठ्ठाकांडात माणसं मिथेनॉल पिऊन मेली, मेलेले गरीबच होते. पण हाताशी असणं आणि नसणं यात काहीच फरक नाही, असं म्हणणाऱ्याने व्यसन जवळून पाहिलेलं नाही.

आणि आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती. याच सुरत जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी हजारो माणसांनी एकदम दारू सोडली होती.

1922 साल. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांमध्ये देवीच्या शांतीसाठीचा एक विधी सुरू झाला. तो डोंगर चढला, सुरगाणा-बागलाणकडून डांगात गेला आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत उतरला. देवीचं नाव सलाबाई. गावोगाव माणसं मांडवाखाली जमायची, कुणाच्या तरी अंगात यायचं, आणि त्याच्या तोंडून देवी सांगायची: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, आणि पारशांच्या दारात जाऊ नका. शेवटची आज्ञा विचित्र वाटेल, पण किल्ली तिथेच आहे. त्या भागात दारूची दुकानं पारशी ठेकेदारांची होती, तेच सावकार आणि तेच जमीनदार. इंग्रज सरकारने 1878 च्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरवली होती आणि दुकानातली विकत घ्यायला लावली होती. माणूस उधारीवर प्यायचा आणि जमिनीने फेडायचा. देवीने पिण्याची नाडीच ओळखली. तिने नुसतं 'पिऊ नका' म्हटलं नाही. कुणाच्या दारात जाऊ नका, कुणाच्या मजुरीला जाऊ नका, सकाळी उठून काय करा, हेही सांगितलं. शिवाय ते एकेकट्याला न सांगता अख्ख्या गावाला एका मांडवाखाली सांगितलं.

डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर 1987 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग भराचा नाही, ओसरण्याचा आहे. काही महिन्यांत अनेक गावं परत पिऊ लागली. गावांत दोन तट पडले, सोडलेले ते 'वरजेला' आणि परतलेले ते 'सरजेला'. वरजेला आपापसात राहू लागले, जेवणखाण आणि सोयरिकी जपू लागले. काही समाजांत, विशेषतः चौधरींमध्ये, सोडणं टिकलं. अंगात तर सगळ्यांच्याच गावांत आलं होतं. पुढची वर्षं कोण कुणाच्या पंगतीत बसलं, यावर बरंच ठरलं असं मला वाटतं.

पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हा डॉ. अनिता अवचट यांना सलाबाई ठाऊक होती की नाही मला माहीत नाही, पण केलं त्यांनी तेच. त्यांचे पती अनिल अवचट यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभं राहिलं. तिथे दाखल झालेल्याला 'पेशंट' म्हणत नाहीत, 'रुग्णमित्र' म्हणतात. 35 दिवसांचा निवास, योग, समूहात बोलणं, बरे झालेलेच नव्यांचे समुपदेशक. बायकांसाठी 'सहचरी' गट, कारण नवऱ्याची दारू तिच्याही झोपेत शिरलेली असते. सुटल्याचा दिवस वाढदिवस म्हणून साजरा होतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस 1935 पासून हेच करते, 'फक्त आजचा दिवस' या हिशेबाने. आयुष्यभराची शपथ तिथे कुणी मागत नाही.

'स्लिप' या शब्दाची तिथे कुणाला भीती वाटत नाही, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के सांगितलं जातं, आणि रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात त्याच्या ते आसपासच आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण कुणाला 'तुझ्या शब्दाला किंमत नाही' म्हणत नाही.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, कारण या चुका मी माझ्याच घरात पाहिल्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत, घरच्या घरी, खोलीत कोंडून तोडू नका. दोन-चार दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. त्यासाठी डॉक्टर आणि औषधं लागतात. आणि दारूची किळस आणणारी गोळी त्याच्या नकळत भाजीत मिसळू नका. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मिमेर या दोन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे. 2019 च्या एम्सच्या पाहणीनुसार दारूच्या विळख्यात अडकलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात. उरलेल्या 37 जणांच्या घरी शपथाच चालू आहेत.

मामांनी दोनदा तुळशीची माळ घातली आणि दोनदा काढली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा ती फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यामागे सरकवली आणि आठ महिने भजनाच्या लोकांना तोंड दाखवलं नाही. लाजेने ते आठ महिने सलग प्यायले. गेल्या आषाढीला माळ तिसऱ्यांदा घातली. यावेळी आधी दवाखाना झाला, दहा दिवस. मग गल्लीतल्या भजनी मंडळाने एक केलं, कुणी न सांगता. दिवसपाळी सुटायच्या वेळी मंडळाचा एक जण सायकल घेऊन मिलच्या गेटवर उभा राहतो. दोघं गल्ल्याचं वळण टाळून रेल्वेलाइनच्या बाजूने लांबच्या रस्त्याने येतात, वीस मिनिटं जास्त लागतात. मामा अजून बोलता बोलता तळवे एकमेकांवर चोळतात. त्यात आता शेंगदाणे असतात, फोलपटं काढायला. सात-सव्वासातला मामी दारातून रस्त्याकडे बघतात. दोन सायकली दिसल्या की आत जाऊन चहा टाकतात.