पिकअप सेल घेत नाही तेव्हा

पहाटे गेवराईच्या बाजाराला भाजी न्यायची आणि पिकअप सुरूच होत नाही, अशा वेळी बॉनेट उघडण्याआधी कान द्यावा. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं, दिवे मंदावले, तर संशय बॅटरीवर. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; १२च्या खाली गेली तर ती उतरलीच समजा. पण नवी आणण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून नट आवळा. पुष्कळदा खर्च तेवढ्यावरच मिटतो.

सेल जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग डिझेलकडे बघा. टाकी तळाला जाऊन लाइनीत हवा धरली असेल, तर फिल्टरजवळचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा. फिल्टरमधलं पाणीही खालच्या स्क्रूतून सोडायचं. जुने मेस्त्री इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढत. कॉमन रेल इंजिनात तो उद्योग नको, तिथला दाब कातडी फाडतो.

बालाघाटावर, पाटोद्याकडे थंडी चांगलीच बोचते. हीटर प्लग असलेल्या गाडीत पिवळा दिवा विझल्यावरच सेल मारा, तोही एका वेळी दहा सेकंदांपर्यंत. मग मोटरला थोडं थंड होऊ द्या.